पंपाचा आकडा

(दुपार. शांत खोलीत वॉशिंग मशीन थांबल्याची शिट्टी वाजते.)

तो : मशीन थांबलं वाटतं. कपडे मी वाळत घालतो.

ती : बस. एवढ्यात कामसू होऊ नकोस. तुझ्या लेखाचं हे पहिलं पान मला समजावून सांग.

तो : अगं, ते सोड, नववं बघ. गणितात सिग्नल दहा डेसिबल वाढतोय, प्रयोगात आठच. सोमवारी सगळ्यांसमोर मांडायचंय. सर सोलून काढतील मला.

ती : पहिल्या पानावर तुझं नाव आहे. एकट्याचं.

तो : हो, म्हणजे...

ती : माझ्या प्रोग्रॅमची फाइल कशाला दिली होती मी तुला?

तो : लॅबच्या कंप्युटरवर चालवून बघायला.

ती : हं. नुसती चालवून बघायला.

तो : तू हिच्यासाठी रजेवर. सरांनी विचारलं, रामन प्रवर्धनाचं मॉडेल कुणी जमवलं? सगळे माझ्याकडे बघायला लागले. ‘मी’ असं तोंडातून निघून गेलं गं.

ती : तोंडातून निघून गेलेलं बारा पानं टाइप होत नाही रे.

तो : हळू बोल, पिल्लू आत चित्रं काढतेय.

ती : ती झोपली की मला चाळीस मिनिटं मिळायची. तेवढ्यात सगळं. काचेच्या फायबरमध्ये इकडून दमलेला सिग्नल, पलीकडच्या टोकातून उलटा सोडलेला दमदार पंप, म्हणजे लेझरचा उजेड, आणि वाटेत त्यानं याला किती ताकद दिली ते मीटरा-मीटराला मोजायचं. इकडे पंप किती उरला ते अंदाजानं धरायचं, पलीकडे जाऊन ताडून बघायचं, नाही जुळलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि जुळत आलं की नेमकी ही उठायची!

तो : मला काय माहीत नाही? म्हणून तर शेवटी आभार मानलेत.

ती : वाचले. ‘घर सांभाळल्याबद्दल पत्नीचे आभार.’

तो : मला वाटलं, तुला आवडेल.

ती : पुढच्या महिन्यात परत कामावर यायची मुलाखत आहे माझी. तीन वर्षांत काय केलंत, विचारतील. हे एवढंच होतं माझ्याकडे. आता काय दाखवू, तुझे आभार?

तो : पुढच्या लेखात तुझं नाव पहिलं. शप्पथ. आता फक्त चूक सांग.

ती : चूक? ती बघूनच तर ओळखलं, अक्षर न् अक्षर माझं आहे. हिला ताप होता. मांडीवर घेऊन एका हातानं टाइप करत होते. एक आकडा वरच्या ओळीतला तसाच खाली उतरवला. म्हटलं, मागाहून बदलू. तू तोसुद्धा उचललास, न बघता.

तो : कुठल्या ओळीतला?

ती : चारशे ओळी आहेत. ज्यानं लिहिल्या त्याला सापडेल.

तो : अशी नको ना वागूस... पिल्लू! इकडे ये जरा. आईला विचार बरं, बाबांचा चुकलेला आकडा कुठे आहे?

ती : तिला मध्ये आणतोस?

मुलगी : आई, बाबांचा आकडा कुठंय?

ती : तू जा सोन्या, चित्र पुरं कर.

मुलगी : तुला येत नाही?

ती : येतं.

मुलगी : मला अडलं की लगेच सांगतेस. मग बाबांना का नाही सांगत?