दुपारची दिवेलागण

शेषराव : अन् हा? हा तं हिरवा हाय. पान हिरवं, बल्ब हिरवा. आता तरी झालं न समाधान, वहिनी?

कोकिळा : हा तुम्ही गणपतीच्या आराशीतून काढून आणलात.

शेषराव : आराशीतला असो का कलेक्टरच्या बंगल्यातला. उजेड देते न?

कोकिळा : देतो. पण कुंडीतल्या आमरीचं पान हिरवं दिसतं, ते हिरवा उजेड परत फेकतं म्हणून. तिनं ताटाबाहेर टाकलेलं तुम्ही तिलाच वाढताय.

शेषराव : वा बाप्पा! म्हंजे झाडालेही मास्तरनीवानी नखरे. मंग हा शंभराचा लावा. लख्ख पडते.

कोकिळा : लावते. आता त्याच्याखाली हात धरा. तसा नाही, पालथा. पान आहे तिथे.

शेषराव : हात कायले... आयला! पोयलं न!

कोकिळा : तुम्हाला बोलून पुरं होईपर्यंतसुद्धा धरवलं नाही. तिनं दिवसभर धरायचं?

शेषराव : वर टांगा मंग. आढ्याले.

कोकिळा : आढ्याला टांगला की चटका जातो आणि उजेडही पुरत नाही. मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, ट्यूब आणा. ती थंड असते, पानाजवळ लावता येते.

सरस्वतीबाई : लागला का वं दिवा, सूनबाई? लागला. देवा, साऱ्याइले सुखी ठेव.

शेषराव : हे पाहा! आईनं पुन्हा हात जोडले. लाल लावला तं जोडले, हिरवा लावला तं जोडले, आता शंभराचा. एका बैठकीत तीन दिवेलागणी!

सरस्वतीबाई : हासू नोको, शेष्या. लागत्या दिव्याले हात जोडा लागते. तुमच्या बटनाचा असला म्हनून काय झालं?

शेषराव : जोड, माय, जोड. वहिनी, खरं सांगू का? दिवाळीले तुमी म्हनल्या, गोदामाच्या भिंतीनं खिडकी झाकली, झाड सुकून राह्यलं. म्या म्हनलं, बल्ब देतो. देल्ला का नाही? एक नाही, तीन देल्ले. साऱ्या खामगावात कोनी झाडाले बल्ब लावला नसन. अन् झाड तरी कोनतं? बांडगूळ!

कोकिळा : बांडगूळ नाही, आमरी आहे, ऑर्किड.

शेषराव : दुसऱ्याच्या फांदीवर बसते न? आमच्याकडे त्याले बांडगूळच म्हनते. फुकटचं राहाचं, वरतून उजेड मांगाचा.

कोकिळा : बांडगूळ फांदीत मूळ घालून रस पितं. आमरी नुसती बसते, फांदीचं काही घेत नाही. तुम्हाला आणखी कोणाबद्दल बोलायचं असेल तर नाव घेऊन बोला, भाऊजी.

शेषराव : म्या... झाडाचं बोलून राह्यलो.

कोकिळा : मग झाडाचंच बोलू. तुमचे दादा होते तेव्हा ती याच खिडकीत दर उन्हाळ्यात फुलायची. तेव्हा कोणाला बल्ब मागितला नव्हता.

शेषराव : तेव्हा गोदाम नव्हतं. कापूस काय तुमच्या कुंडीत ठेवू?

कोकिळा : कापसाला भिंत लागते. ती खिडकीपासून दोन हातांवर आणि छपराएवढी उंच लागते, हे कुठल्या शाळेत शिकलात?

शेषराव : झालं सुरू! बरं, आनली हाय ट्यूब. बाहेर ओट्यावर ठेवली. म्या म्हनलं, बल्बावर भागलं तं भागलं. सांगा, सांजच्याले किती वेळ लावाची?

कोकिळा : संध्याकाळी नाही. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत. रात्री तिला अंधारच हवा.

शेषराव : दिवसाढवळ्या ट्यूब! लोक हासतीन मले. शेषरावच्या घरात भर दुपारी...

(कापसाच्या जिनिंग गिरणीचा भोंगा वाजतो.)

सरस्वतीबाई : भोंगा झाला. सूनबाई, माह्या वाटच्या दोन पोया टाक, अन् अंथरूनही घालून दे.

शेषराव : अंथरून? आता? आई, हा बाराचा भोंगा हाय.

सरस्वतीबाई : कायचा बाराचा बे? सांजचा हाय. दिवा लागला न आताच. दिवस लय आखूड झाले, बाप्पा. उजाडलं म्हनतो तं सांज होते. पौष असाच राहते.

शेषराव : आई, होळी झाली न! दिवस मोठे होऊन राह्यले. वहिनी, आईचे डोये बिघडले वाटते. मोतीबिंदू असन.

कोकिळा : परवा तुम्ही त्यांना उचलून पुढच्या ओट्यावर बसवलंत. तिथे त्यांनी तूर निवडली. एक खडा राहिला का?

शेषराव : नाही राह्यला.

कोकिळा : डोळे चांगले आहेत. पाय चालत नाहीत, म्हणून त्यांना जे दिसतं ते या खिडकीतलं. मी शाळेत गेले की मागे त्या आणि ही कुंडी. ती निदान पानं पिवळी करून सांगते.

शेषराव : तुमी मले आईचं काऊन नाही सांगतलं?

कोकिळा : माझ्या झाडासाठी तुम्ही तीन बल्ब आणलेत. म्हटलं, आईचं सांगितलं तर चौथा आणाल.

(शेषराव खिडकीशी जाऊन भिंतीकडे पाहतो.)

सरस्वतीबाई : शेष्या, तिकडं काय पाहून राह्यला बे? जेवून जा. रात झाली.

शेषराव : रात नाही झाली, माय. वहिनी, गोदाम मालानं भरलं हाय, आता भिंतीले हात लावता येत नाही. आखाजीपर्यंत, म्हंजे महिना-दीड महिन्यात, माल उठते. मंग खिडकीपुरती भिंत उतरवतो, कमरेइतकी. शब्द हाय माहा.

कोकिळा : ठीक. ती ट्यूब आत आणा.

शेषराव : शब्द देल्ला न म्या!

कोकिळा : ऐकला. झाड शब्दावर जगत नाही, भाऊजी. आणि जरा खाली लावा. कुंडीच्या वर वीतभर, म्हणजे आत्याबाईंच्या खाटेवरही उजेड येईल.

शेषराव : (ओट्यावरून ट्यूब आणून) धरा हे टोक. हां. लावा बटन.

सरस्वतीबाई : माय वं! केवढा पांढरा! सूनबाई, हा कोनता म्हनू? सांजचाच न?

कोकिळा : हा दुपारचा आहे, आत्याबाई. याला हात जोडू नका.