शिकारमहालातला हत्तीचा दगड

आल्यापासून ठाण्यात बाकड्यावर बसवलंय, आणि बाहेर ट्रॉलीतला दगड लोक पाय ठेवून बघत्यात. आधी त्यांना हाकला, मग माझं नाव लिहा.

नाव धोंडुबाई गणपतराव चौगले, वय सत्तरच्या वर, धंदा म्हशी राखणे, रा. गडमुडशिंगी, ता. करवीर. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

आज सकाळी मी, नातसून संयोगिता व तिचं तीन महिन्यांचं बाळ असे गगनबावडा रस्त्यावरच्या पडक्या शिकारमहालात गेलो. तिथल्या आवारात एक दगड आहे. आमच्या घरातलं प्रत्येक मूल त्याला टेकवतात. आम्ही त्यास महालातली आई म्हणतो.

दगड जागेवर नव्हता. खड्डा होता. दगड ट्रॉलीत घातलेला दिसला. पर्यटकांना माहिती सांगणारी मुलगी रूपाली तिथं होती. ती म्हणाली, "आजी, ही देवी न्हाई. जहागीरदारांची हत्तीण ह्याला बांधायचे. तिचं पिल्लू मेलं, ती चारा खाईना. मग माहुताच्या बायकोनं आपलं तान्हं ह्या दगडावर ठेवलं. हत्तिणीनं त्याच्यावर सोंड फिरवली आणि मग चारा खाल्ला. तवापासनं बायका बाळं आणतात."

आमच्या घरात हे कुणाला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "हत्तीण तर हत्तीण. संयोगिता, बाळ दे इकडं."

मी ट्रॉलीत चढून बाळ दगडाला टेकवलं व नातसुनेकडं परत दिलं. मी उतरले नाही.

माझी दोन लेकरं मी त्याच दगडाला टेकवली होती. थोरला आहे. धाकट्याचं लिहू नये, त्याचा ट्रॉलीशी संबंध नाही.

ट्रॅक्टरवाला राजवीर म्हणाला, "आज्जी, उतरा की. रिसॉर्टच्या गेटाला लावायचाय. मालक माझी भाकरी बंद करतील."

"भाकरी माझ्याकडं खा. दगड ठेव."

त्याने मालक विश्वजित यांस फोन लावला. फोनमधून मोठ्यानं ऐकू आलं, "एक म्हातारी उतरवंना व्हय तुला?" मी म्हटलं, "पावणं, तुम्ही या की उतरवायला." ते आले नाहीत. शेवटी राजवीरने ट्रॉली माझ्यासकट ठाण्यात आणली. त्याने मला हात लावलेला नाही.

दगड होता त्याच खड्ड्यात परत बसवावा, अशी माझी तक्रार आहे. तोवर मी घरी जाणार नाही.

लिहिलेलं मला वाचून दाखवलं. त्यात मी "भावनेच्या भरात" चढले असं घातलं होतं, ते खोडायला लावलं. बाकी मी बोलले तसंच आहे, म्हणून अंगठा देते.

राजवीरला सोडा, तो हुकमाचा माणूस. दगड कुणाला विचारून उपटला, ह्याचं उत्तर विश्वजितनं इथं माझ्यासमोर उभं राहून द्यायचं. वकील धाडला तर चालणार न्हाई.