फुली मारली तरी टिंग

— अहो जावईबापू, बंद केलंच होतं मी! संगणकाच्या कोपऱ्यातली ती फुली दाबली, माझ्या डोळ्यांदेखत सगळं गेलं, मागे डोंगराचा फोटो तेवढा उरला — आणि मी पाठ फिरवते न फिरवते तोच टिंग! बंद म्हणजे बंद की नाही? आमच्या वेळी रेडिओचं बटण फिरवलं की बातम्या देणारा निमूट गप्प बसायचा. हा ब्राउझर म्हणजे अगदी माझी थोरली जाऊ — ‘निघते हं’ म्हणायचं आणि उंबऱ्यात तासभर बोलत राहायचं. हसा, हसा. तेवढंच तुमचं तोंड उघडेल.

आता बघा, दुपारी हे जरा आडवे होतात, डोळा लागतो न लागतो तोच टिंग. ह्यांची झोपमोड झाली की माझी धडगत नाही. म्हणून तुम्हाला बोलावलं, दुसरं काही नाही. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी चुटकीसरशी केलं असतं म्हणा — पण ते जाऊ दे. तुम्ही आपले घरचे. अजून घरचेच ना? बघा, मान खाली! तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, हेच ते. राणीसाहेब रुसून माहेरी आल्या त्या दिवशी दुसरं काय म्हणाली? ‘आई, मी भिंतीशी संसार करतेय.’ मी म्हटलं, भिंत बरी, निदान उलटून बोलत नाही. तर माझ्यावरच भडकली.

आणि राग केवढा! फोन बंद करून कपाटात टाकलाय, म्हणे कुणाशी संबंध नको. पण आल्या आल्या आपले निरोप ह्या संगणकावर जोडून घेतले — कामाचे येतात म्हणे. कामाचे! मी काय आंधळी आहे? टिंग वाजलं की हातातलं ताट टाकून धावते. परवा कोपऱ्यात चौकोन उघडला तो मीही पाहिला — मुद्दाम नाही हो, पुसत होते मी पडदा — तर त्यात नळाचा फोटो. नुसता नळ! आदल्या दिवशी खिडकीची कडी, त्याच्या आधी कपाटाची मूठ. तिनं वर्षभर कानीकपाळी ओरडून सांगितलेली एकेक दुरुस्ती केलीत, फोटो पाठवलात, आणि खाली एक अक्षर नाही. धन्य आहे तुमची! ती मला म्हणते, ‘बघ, शब्द नाही एक.’ म्हणाली खरी, पण त्या नळाकडे इतका वेळ बघत बसली, की गॅसवरचं दूध उतू गेलं. — हे तिला सांगू नका हं. माझ्या जिभेला हाडच नाही.

सापडलं का? ते तीन ठिपके... मग सेटिंग... हां, सिस्टिम. काय लिहिलंय, चष्मा कुठे गेला — ‘ब्राउझर बंद केल्यावरही मागे चालू राहू द्या.’ अगं बाई! म्हणजे ह्याला कुणीतरी परवानगीच देऊन ठेवलीय! मी तर नाही दिली. ह्यांना फुली कुठे असते तेही ठाऊक नाही. आणि आधी कधी वाजत नव्हतं हो हे, ती आल्यापासूनच —

थांबा. बोट काढा त्याच्यावरून. काढा म्हणते ना! असू दे तसंच. ह्यांच्या झोपेचं मी बघते, कानात कापूस घालते त्यांच्या. सगळंच काय दुरुस्त करत सुटलात? तिनं चालू ठेवलंय ते, तुमच्यासाठी, कळतंय का? कपाळ माझं, हेही मीच सांगायचं! आणि उद्यापासून नळ-बिळ नको. ‘ये’ एवढं लिहा. एकच अक्षर आहे, बोटं झिजत नाहीत —

श्श. जिना वाजला. तीच. अहो, उठून कुठे निघालात? बसा! लपायला तुम्ही काय लहान आहात? मला भीती वाटते हो, आज नाही बोललात तर ती खरंच फुली मारेल. काय बोलू म्हणून माझ्याकडे काय बघता?

आलीस गं? दार उघडंच आहे. हो, आलेत. कशाला आलेत ते मला काय विचारतेस? समोर बसलेत, त्यांना विचार. मी गप्प.