बाबांचा आणि कुत्र्याचा एकच जंतू

जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ कुत्रा पायाशी घेऊन बसले होते. सोबत त्यांची लेक होती. जंतूंवर संशोधन करणारी असावी.

"बाबा, गेल्या महिन्यात अपेंडिक्स समजून डॉक्टर तुमचं पोट फाडायला निघाले होते. तो यर्सिनिया नावाचा जंतू निघाला."

"झालो ना बरा?"

"आता याच्या शीमध्येही तोच सापडलाय. अगदी तोच."

"एका चेहऱ्याची सात माणसं असतात म्हणे."

"हा जंतू डुकराच्या कच्च्या मांसातून येतो. आपल्या घरात ते कोण आणतं?"

"खाटकाला विचार."

"विचारलं. तुमचे बाबाच रोज पावशेर नेतात म्हणाला, कुत्र्यासाठी."

"त्या खाटकाच्या पोटात काही राहत नाही."

"याला भरवल्यावर हात धुता?"

"धुतो की."

"बाबा."

"कधीकधी हाच चाटून देतो. स्वच्छ चाटतो."

"आमचे सर मात्र खूश आहेत. एकाच घरात माणूस आणि जनावर, दोघांत एकच जंतू. आमच्या शोधनिबंधात तुम्ही येणार."

"नावानिशी?"

"नाही. एक वृद्ध पुरुष आणि त्याचा कुत्रा."

"मग हरकत नाही. आईला सांगितलंस?"

"कच्चं मांस घरात आणू नका म्हणून तिनं तुम्हाला बजावलं होतं. तुम्हीच सांगा."

"सांगतो. पण हा बरा व्हायच्या आत सांगायला हवं. आजारी जनावरासमोर ती आवाज चढवत नाही."