सांधा ऐकू येतो

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि या संस्थेच्या संचालक, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, समोर बसलेले प्राध्यापक आणि विद्यार्थी, कार्यालयातली मंडळी, जागा असूनही दाराशीच उभे राहिलेले तंत्रज्ञ, आणि हा माणूस किती वेळ खाणार म्हणून मघापासून घड्याळाकडे बघणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे माझी बायको, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

खरं तर निरोपाच्या कार्यक्रमात नवऱ्याला बोलायला लावत नाहीत. नवऱ्याने पुष्पगुच्छ धरायचा, फोटोत कडेला उभं राहायचं आणि चहाच्या वेळी सगळ्यात आधी पोहोचायचं. पण हिने आयोजकांना बजावून ठेवलं होतं, ‘माझ्या आधी हा बोलेल.’ का, ते ओघात येईलच.  

मी आयुष्यभर रेडिओत टेप कापल्या. वक्ता खोकला, अडखळला, एकच वाक्य दोनदा बोलला, की तेवढा तुकडा ब्लेडने तिरका कापायचा, उरलेली दोन टोकं भिडवायची आणि मागून पट्टी चिकटवायची. काम चोख असलं तर ऐकणाऱ्याला सांध्याचा पत्ता लागत नाही. बोलणाऱ्यालाही लागत नाही. एका मंत्रिमहोदयांना स्वतःचं भाषण इतकं आवडलं की त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. त्यातलं निम्मं माझ्या टोपलीत पडलं होतं.

लग्न ठरलं तेव्हा मी हिला विचारलं, “तू नेमकं करतेस तरी काय?” ती म्हणाली, “तू करतोस तेच. फक्त माझी टेप कापायला कुणी नसतं.”

इथे बसलेल्या विद्वानांनी क्षमा करावी, पण मला समजलं ते असं. आरएनए म्हणजे पेशीतला एक लांब धागा, त्यावर मजकूर. कधीकधी मध्येच एक नको असलेला तुकडा असतो. तो काढून टोकं जोडावी लागतात. हे काम एन्झाइमचं, आणि एन्झाइम म्हणजे प्रथिन, अशी सगळ्यांनी खूणगाठ बांधलेली. मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने दाखवलं, की काही आरएनए हे काम स्वतःच उरकतात. हिने तेच एका तळ्यातल्या शेवाळात पाहिलं. पण विश्वास कुणाचा बसणार? हिचा स्वतःचाही बसेना. प्रथिनाचा कण कुठेतरी चिकटून राहिला असेल म्हणून ती उकळायची, फिनॉलने धुवायची, प्रथिनं खाऊन टाकणारी द्रव्यं घालायची. शेवटी नळीत उरायचा नुसता आरएनए, थोडे क्षार आणि एक छोटासा रेणू. तरी तो धागा आपल्याच अंगावर दुमडायचा, त्या दुमडीतच कात्री तयार करायचा, मधला तुकडा टाकून द्यायचा आणि टोकं जोडून मोकळा व्हायचा. “आम्ही कात्री बाहेर शोधत बसलो,” ती सांगायची, “ती धाग्यातच होती.”

तेव्हा मला याची फार मौज वाटायची. आता वाटत नाही.

मागच्या वर्षी जेवताना ही म्हणाली, “ताईचा फोन होता. जिन्यावरून पडली, आणि रविवारी आपल्याला जेवायला बोलावलंय.” मुलगी हसली. म्हणाली, “आई, मावशी पडली की स्वयंपाकाला लागली?” ही पण हसली. पडल्याला तीन महिने झाले होते, मध्ये दवाखाना होता, प्लास्टर होतं, काठी होती. ते सगळं गळलं होतं. आवाज तोच, लय तीच, श्वाससुद्धा जागच्या जागी. पण मला सांधा ऐकू आला. माझा घास हातातच राहिला.

मीही मग कात्री बाहेर शोधत बसलो. झोप पुरत नसेल. थायरॉइड असेल. कानात मळ असेल. कामाचा ताण असेल, आणि संचालकबाई, माफ करा, त्याचं खापर मी काही दिवस तुमच्यावर फोडलं. डॉक्टरांनी एकेक कारण तपासून बाजूला ठेवलं. शेवटचा, मेंदूच्या तपासणीचा अहवाल घेऊन आम्ही जिना उतरत होतो. मी तिचा हात धरला होता की तिने माझा, सांगता येणार नाही. ती म्हणाली, “बाहेरचं काही नाही रे. आतलंच आहे.”

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा समज आहे, की मॅडम पुस्तक लिहायला म्हणून मुदतीआधी निवृत्त होताहेत. तसं नाही. यानंतर जे सांगतोय ते समोर बसलेल्या एका विद्यार्थिनीची परवानगी घेऊन.

हिने तिला नेहमीसारखी तोंडी कृती सांगितली. फिनॉल आणि क्लोरोफॉर्म घाल, झाकण लाव, जोरात हलव, मग यंत्रात फिरव. हलवताना मध्येमध्ये झाकण किंचित उघडून वाफ सोडायची असते, तेवढं गळलं. त्या मुलीला ते ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. ती ते रोज करत होती. पण मॅडमनी सांगितलं नाही, म्हणजे त्यामागे काहीतरी कारण असणार, असं तिने धरलं. झाकण उडालं, कातडी जाळणारं फिनॉल तोंडावर आलं. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. गालावर डाग राहिला आहे. चेहरा धुवत असताना ती मुलगी हिलाच म्हणत होती, “मॅडम, माझंच चुकलं.”

त्या दिवशी ही घरी आली आणि चपला न काढता खुर्चीत बसली. “तिला कळलं होतं रे,” म्हणाली, “पण तिने स्वतःपेक्षा माझं खरं मानलं. मला आता माझ्या आजाराइतकीच यांच्या आदराची भीती वाटते.” दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला.

आणि मला कशाची भीती वाटते? चाव्या हरवतील, गॅस चालू राहील, याची नाही. त्याला मी आहे. पण पुढे तुकडे मोठे होत जाणार आहेत. एखाद्या दिवशी गळणारा तुकडा मी असेन. टोकं सुबक जुळतील. तिला कुठे काही कमी आहे असं वाटणारसुद्धा नाही. मी बाजारातून येईन, ती दार उघडेल आणि सभ्यपणे विचारेल, “कोण पाहिजे आपल्याला?” हे मी घरी कधी बोललो नाही. ती आत्ता पहिल्यांदाच ऐकतेय. अगं, माझ्याकडे बघू नकोस, मला पुढचं बोलता येणार नाही.

असो. आता ती बोलायला उठेल. तिच्या हातात कागद नसेल, कारण कागद वाचणं म्हणजे बोलणं नव्हे, असं ती तुम्हाला इतकी वर्षं सांगत आली आहे. हे सगळं मी आधी तुम्हाला सांगावं, मगच ती तोंड उघडेल, ही तिची अट होती. बोलताना मधलं काही गळलं, तर आपण सगळी भली माणसं आहात, टाळ्या वाजवून झाकून घ्याल. त्या टाळ्यांनाच ती घाबरते.

संस्थेने हा समारंभ घडवून आणला, आपण माझं लांबलेलं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. माझ्या बोलण्यात काही राहून गेलं असेल, तर ते पदरात घ्या. तिच्या बोलण्यात राहिलं, तर कृपा करून घेऊ नका. हात वर करा.