थुंकले नाहीत, फुंकले!

…नाही, पण मी म्हणते, माणसाला दोन कान दिलेत ते काय नुसते चष्मा अडकवायला? तुम्हाला सांगते, दातांची डॉक्टर झाले तेव्हा वाटायचं, दात काढणं अवघड असेल. छे! दात बिचारा ऐकतो हो! ऐकत नाही तो दाताचा मालक!

आता हे पंचकाकाच घ्या. फुटबॉलचे पंच, उभा जन्म मैदानावर पळण्यात गेला, आवाज असा की माझ्या कपाटातल्या बाटल्या थरथरतात. अक्कलदाढ आडवी आलेली. हिरडी कापली, दाढ तुकडे करून काढली, टाके घातले, वर कापसाचा बोळा ठेवला आणि म्हटलं, "काका, हा घट्ट चावून धरा, तोंड उघडायचं नाही. कळलं?"

"कळलं, डॉक्टर, सगळं कळलं!" …आणि बोळा माझ्या चपलेवर!

दुसरा बोळा ठेवला. म्हटलं, नीट ऐका हं, दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती निघाली की हाड उघडं पडतं आणि मग दिवसा तारे दिसतात, म्हणून थुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढायचं नाही, सिगारेट नाही, आणि जिभेने तिकडे चाचपायचं नाही! तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. बोळा काढला, हातात धरला, "हां, बोल! नाही रे, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय!" अशा मस्त गप्पा हाणल्या, बोळा परत तोंडात, आणि वर मलाच, "कळलं, डॉक्टर, सगळं कळलं!"

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायला जाते तो काय, पायरीवर काका! गालाला हात, आवाज गायब. शेजारी काकू. आत घेऊन बघितलं तर गुठळी नाही, नुसतं पांढरंफटक हाड! म्हटलं, "थुंकलात ना शेवटी?"

काकू म्हणाल्या, "नाही हो बाई, एकदाही थुंकले नाहीत. फुंकले."

"काय फुंकलं?"

"शिट्टी!"

काका कळवळून म्हणाले, "निवृत्तीचा सामना होता हो… शेवटच्या दिवशी काय टाळ्या वाजवत पळू? आणि फुंकू नका असं तुम्ही म्हणाला नव्हता!"

अहो, तोफ उडवू नका असंही म्हणाले नव्हते मी! पण काय करता… कळा सोसत पूर्ण सामना वाजवला ह्या माणसाने. रागावणार तरी किती? खड्डा धुतला, लवंगतेलाचं औषध भरलं, आणि या वेळी ठणकावून सांगितलं, बोलायचं नाही, ओरडायचं नाही, फुंकायचं नाही, मी सांगेपर्यंत उगाच तोंडच उघडायचं नाही! तर काकांनी नुसती मान हलवली. चकार शब्द नाही! मला वाटलं, जिंकले बाई एकदाची!

आज टाके काढायला आले. कळ थांबलेली, सूज उतरलेली. म्हटलं, "काका, आ करा." मान हलवली… नाही! "अहो, मीच सांगतेय, आता उघडायचं!" नाही! काकूंकडे बघितलं, तर त्या हळूच माझ्या कानाशी, "बाई, लग्नापासून घरात इतकी शांतता नव्हती हो. टाके राहू द्या की आणखी थोडे दिवस!"

आता बोला! बाहेर बाकडं पेशंटनी भरलेलं, माझ्या हातात कात्री, काका ओठ शिवल्यासारखे, आणि मी, शिकलीसवरलेली बाई, त्यांच्यासमोर "आ… आ…" करतेय! शेवटी मलाच जांभई आली, ती बघून त्यांना आली, आणि त्या जांभईत मी टाके उरकले!

काकांचा जबडा ठणठणीत आहे हो. दुखतोय तो माझा!