एकाच पातेल्याचा बेत

आमचं गाव लोहाऱ्यापासून तीन कोसांवर, जमीन सगळी काळी, पण त्यातली वीतभरसुद्धा आमच्या नावावर न्हाय. बाप दुसऱ्याच्या रानात राबला आणि मी सहा वर्षांचा असताना गेला, पुढचं सगळं आईनं केलं. आईचं नाव सोनाबाई. आमच्या वस्तीनं धम्म घेतला तेव्हा घरातले देव तिनं स्वतः गाठोड्यात बांधून नदीला सोडले. ती म्हणायची, देव सोडले आन् हात रिकामं झालं, मग रिकाम्या हातात काय द्यावं लेकराच्या, म्हणून पाटी दिली. त्या पाटीवरनं मी बी.ए. झालो. आमच्या वस्तीतला पहिला. हे मी मान वर करून सांगतो, लिहा तुम्ही, त्यात लाजायचं काय.

बहात्तरच्या दुष्काळात मी औरंगाबादला वसतिगृहात होतो आणि आई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. सुट्टीत आलो तर तिला भेटायला थेट कामावरच गेलो. ऊन असं की खडीला हात लावला तर चटका बसावा. आई डोक्यावर ओला फडका टाकून बसलेली, तो फडकाही निम्मा वाळलेला. मला बघून हातोडी खाली ठेवली आणि म्हणाली, नाम्या, तू एवढी बुकं वाचतूस, जगात कुठं गार हवा आसंल का रं आत्ता? मी म्हणालो, महाबळेश्वर म्हणून गाव आहे, माझ्या खोलीतला वामन त्या भागातला आहे, तो सांगतो तिथं मे महिन्यातही सकाळी स्वेटर घालतात. ती इतकी हसली, शेजारच्या बाईला म्हणाली, ऐकलंस का गं, मे म्हयन्यात स्वेटर! माझं लेकरू शिकून येडं झालं. मग हातोडी उचलली आणि हळूच म्हणाली, आसंल बाबा, तू म्हणतूस तर आसंल. मी म्हणालो, आई, नोकरी लागली की पहिलं तुला तिथं नेणार. तोंडातनं शब्द गेला तो गेला.

नोकरी लागली तालुक्याच्या गावी, एका सहकारी संघात. संघाचं नाव मी सांगणार न्हाय, माणसं अजून आहेत, त्यांची नातवंडं आहेत. बी-बियाणं, खत, साखर असला कारभार, मी क्लार्क. माझ्या शेजारच्या टेबलावर दिगंबर. त्याचे वडील शाळामास्तर, घरचं वळण चांगलं. आठ वर्षं आमी दुपारचा डबा एकत्र खाल्ला, हे नीट लिहा. माझ्या आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्याला लई आवडायची, म्हणायचा, नामदेव, आमच्या घरी तिखटाला हात आखडता, तुझ्या आईला सांग एक भाकर जास्त घालायला. आणि आई घालायची. रोज. मित्राची भाकर म्हणून ती वेगळी, जरा मोठी थापायची.

तर एका साली पाऊस बरा झाला, संघाचंही बरं चाललं होतं, आणि चहा पिताना कुणीतरी म्हणालं, आपण कुठं तरी थंड हवेच्या ठिकाणी जाऊ, साहेब लोकच जातात काय? सगळे हसले. महाबळेश्वरला जायला पगार गहाण टाकावा लागंल म्हणाले.  मी घरी आलो आणि कागद घेऊन बसलो. आपल्याला अक्कल आहे, शिक्षण आहे, ते कशासाठी आहे मग?

चार दिवसांत बेत तयार केला. जायचं दिवाळीच्या सुट्टीत, पण हॉटेलात न्हाय, शाळेत उतरायचं. वामन तोवर तिथंच एका शाळेत मास्तर झाला होता, त्याला मी पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं की वर्ग मोकळे आहेत, हेडमास्तरांची परवानगी काढली, सतरंज्या तेवढ्या आणा, आणि आईला नक्की आण, तिला बघायचंय. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी भाड्यानं घ्यायची, संघातली आमची बाराही घरं आली की माणशी भाडं साध्या तिकिटाच्या आसपास येतं. पॉइंट बघायला टॅक्सी करायची न्हाय, पायी फिरायचं. आणि जेवण. सगळा खर्च तिथंच वाचणार होता. घरटी शिधा काढायचा, पीठ, डाळ, तिखट, करडईचं तेल, गावातली लग्नाची मोठी पातेली न्यायची आणि सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र. कारण रॉकेल रेशनवर होतं, बारा घरांनी बारा स्टो पेटवायचे म्हटलं तर रॉकेल आणायचं कुठनं? मी कागदावर ठळक लिहिलं, स्वयंपाक एकाच ठिकाणी, एकाच पातेल्यात. लिहिताना मला सरळ हिशेबाचीच गोष्ट वाटली. शिकलेला माणूस कागदावर बघतो आणि त्याला वाटतं झालं.

मिटिंगीत वाचून दाखवलं तर टाळ्या वाजल्या. गोदामाचे शिंदे म्हणाले, नामदेवराव, तिथं थंडीत आंघोळ करावी लागती का तेवढं लिहा. दिगंबरनं तर पाठीवर थाप मारली, म्हणाला, ह्याला म्हणतात डोकं, गाडीचं मी बघतो.

आईला सांगितलं तर पहिल्यांदा तिला खरंच वाटंना. मग दोन दिवसांनी सगळ्या वस्तीला सांगत सुटली. बाया तिची थट्टा करायच्या, सोनाबाई, येताना पिशवीत गार हवा भरून आणा आमाला. ती म्हणायची, आणीन की, पर पिशवी तुमची द्या. पायात कधी चप्पल न घातलेली बाई, बाजारातनं चप्पल घेऊन आली आणि अंगणात घालून चालायची सवय करू लागली, कारण मीच म्हणालो होतो की तिथं पायी फिरायचंय. माझी बायको शांता तोंडाला पदर लावून हसायची, म्हणायची, आत्याबाई, पाय उचलून टाका, घासटू नका.

मी तयारीला रजा काढली होती, आणि निघायला चार दिवस राहिले असताना दिगंबर सायकलवर गावात आला. घामानं भिजलेला, तोंड उतरलेलं. म्हणाला, नामदेव, सगळं फिसकटलं, गाडी मिळत न्हाय, दिवाळीच्या गर्दीला सगळ्या लावल्यात, ट्रिप रद्द. मी त्याला पाणी दिलं. आणि काय सांगू तुम्हाला, मीच त्याची समजूत घातली. म्हणालो, जाऊ दे रे, पुढच्या वर्षी जाऊ, तू कशाला एवढं मनाला लावून घेतोस. आई म्हणाली, लेकरू एवढ्या लांबनं सायकल मारत आलं, जेवल्याबिगर जायचं न्हाय. तो जेवला. जाताना म्हणाला, तुझ्या त्या वामनचा पत्ता दे, तार करून कळवतो, बिचारा वाट बघंल. मी वामनचं पत्रच काढून त्याच्या हातात दिलं. ह्या हातानं.

सुट्टी संपली, कामावर गेलो. बाकीचे अकराही जण गप्प. मला वाटलं, हिरमुसलेत. शिंदेंचे ओठ कडक थंडीत फुटतात तसे फुटलेले दिसले, मी विचारलंसुद्धा, काय झालं, तर म्हणाले, उष्णता झाली.

मग आठ दिवसांनी वामनचं कार्ड आलं. मी अंगणातच वाचलं. लिहिलं होतं, तुझे लोक येऊन गेले, माणसं चांगली आहेत, सोय बरी झाली, पण आई एकदम आजारी पडल्यामुळं तुला येता आलं न्हाय हे दिगंबररावांकडून कळलं, फार काळजी वाटते, आता तब्येत कशी आहे ते लगेच कळव. मी ते तीनदा वाचलं. आई ज्वारी निवडत होती, म्हणाली, कुणाचं रं? मी म्हणालो, वामनचं. काय म्हणतूय? मी म्हणालो, तुझी तब्येत विचारलीय. ती म्हणाली, मला काय धाड भरलीय?

मला खोटं बोलता आलं असतं. पण आमच्या घरात तेवढं एक कधी केलं न्हाय. मी सगळं सांगितलं. तिनं सुपातले चार खडे वेचून टाकले. मग म्हणाली, मला आजारी पाडायचंच व्हतं तर निदान तिथली गार हवा तरी लागू द्यायची, हितं बसल्या बसल्या पाडलं.

दुसऱ्या दिवशी कार्ड दिगंबरच्या टेबलावर ठेवलं. त्यानं वाचलं, पालथं घातलं. म्हणाला, नामदेव, तूच लिहिलं होतंस एकाच पातेल्यात. बायकामाणसांनी घरात तो कागद ऐकला आणि अडून बसल्या, आमी त्या पातेल्यातलं खाणार न्हाय म्हणाल्या. मी म्हणालो, कुणाच्या बायका? तो म्हणाला, आता नावं कुणाची घेऊ. मी म्हणालो, तू आठ वर्षं माझ्या आईची भाकर खाल्लीस. तर काय म्हणाला असंल? म्हणाला, ऑफिसातलं वेगळं रे, घरची माणसं आली की वेगळं, तू शिकलेला आहेस, तू समजून घे. तुला वाईट वाटू नये म्हणून तर रद्द झाली म्हणालो.

मला सगळ्यात लागलं ते हे. समजून घ्यायचं काम कायम शिकलेल्यानंच करायचं, आणि तो शिकलेलाही दरवेळी आमच्यातलाच असायचा. त्या दिवसापासून मी डबा गोदामाच्या पायरीवर खाल्ला. नोकरी सोडली न्हाय, का सोडावी? ती मी परीक्षा देऊन मिळवली होती. कामाचं बोलायचो, आवाज चढवला न्हाय, पण बाकी सगळं संपलं.

पुढच्या दिवाळीआधी दिगंबर पुन्हा घरी आला. ह्यावेळी चांगला तयारीनं आला होता, माणूस वाईट नव्हता, त्याचं मन त्याला खात असणार. आईसमोर बसला आणि म्हणाला, मावशी, ह्या वर्षी तुम्हाला न्यायचंच, मी सगळ्यांना तयार केलंय, तुमच्यासाठी वेगळा स्टो घेतलाय, नवा, रॉकेलही वेगळं, कुणाला काही अडचण न्हाय.

मी उठणारच होतो. आईनं हातानं बसवलं. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, दिगंबरा, स्टो चांगला हाय का रं? तो म्हणाला, व्हय मावशी, पितळी. ती म्हणाली, मग तुझ्या घरला ठेव. आन् एक सांग, मी आले आन् तिथल्या मास्तरानं इचारलं तर काय सांगशील, म्हातारी बरी झाली म्हणून?

 चहा तसाच गार झाला, तो उठून गेला.

नंतर मी स्वतः तिला न्यायला निघालो होतो, साध्या एसटीनं, आमी तिघंच. वामननं घर उघडून ठेवलं असतं. पण आई आली न्हाय. दरवर्षी विचारायचो, दरवर्षी काही तरी कारण, आज शेळी व्यायलीय, आज गुडघा दुखतोय. एकदा चिडून विचारलं तर म्हणाली, नाम्या, मला ती हवा नगो झाली बघ. कुणी तोंडावर शिवी दिली आसती तर म्या आले आसते, ह्यानं माझ्या घरचं जेवून खोटं सांगितलं. मग एका थंडीत, इथंच, आमच्या घरात ती गेली. तिला ते गाव मी दाखवलं न्हाय. दाखवू शकलो न्हाय असं न्हाय म्हणत, दाखवलं न्हाय.

आता मी रिटायर आहे. मुलगी पुण्यात इंजिनियर, ती आणि जावई पोरांना घेऊन दोन-तीन वेळा महाबळेश्वरला जाऊन आले, तिथनं फोन करतात, बाबा तुम्ही या की, गाडी पाठवतो. मी म्हणतो, तुम्ही फिरा, पोरांना कानटोप्या घाला, सुखात राहा. दिगंबर कधी लोहाऱ्यात स्टँडवर भेटतो, म्हातारा झालाय, काठी आहे. नामदेव, बरं आहे का, विचारतो. मी बरं आहे म्हणतो, त्याची जीप आली की हात धरून चढवतो. त्याच्याबद्दल आता राग उरला न्हाय. पण माफ केलंय का विचाराल तर ते मी करायचंच न्हाय, ज्या बाईनं करायचं होतं ती विचारायला राहिली न्हाय.